गाठी काढलेला हात आणि पुन्हा पुन्हा येणारा ताप

52 वर्षांची बाई. राहायला भांडुपला, काम दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात. उजव्या हाताला दीड वर्षापासून सूज, आणि त्याच हाताला गेल्या वर्षभरात तीनदा आलेलं दुखणं: हात लालभडक, हात लावला तर चटका बसेल इतका गरम, आणि थंडी वाजून 102-103 ताप. ऑगस्ट 2022 मध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चिठ्ठीवर फक्त ‘उजव्या हाताची सूज, फिजिओथेरपीसाठी’ एवढंच होतं. तापाचा उल्लेखच नव्हता. तापाची फाइल वेगळी होती आणि ती घरीच राहिली होती. सुजेच्या डॉक्टरकडे तापाचे कागद कशाला न्यायचे, असं मुलाला वाटलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय ते याच कारणासाठी. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हात सुजलेल्या बायका माझ्याकडे सतत येतात. जवळजवळ प्रत्येक घरात सूज म्हणजे पाणी साचलं आणि ताप म्हणजे इन्फेक्शन झालं, अशी वाटणी केलेली असते. दोन्हींचं मूळ काखेत, एकाच जागी आहे, हे त्यांना कुणी बसवून सांगितलेलं नसतं. लिहिण्याआधी रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन.

आधी काय झालं होतं

नोव्हेंबर 2019 मध्ये उजवा स्तन काढला, सोबत काखेतल्या गाठीही, म्हणजे लसीकाग्रंथी (लिम्फ नोड्स), साफ केल्या. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टप्रमाणे काढलेल्या लसीकाग्रंथी 17, त्यातल्या 4 मध्ये कर्करोगाच्या पेशी. मग केमो, आणि जुलै 2020 मध्ये छातीच्या भिंतीला आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागाला रेडिएशन. त्या दिवसांत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती. मुलगा स्कूटरवरून परळला घेऊन यायचा. उपचार पुरे झाले, पण नंतरची तपासणी बरीचशी फोनवरच उरकली गेली.

फेब्रुवारी 2021 मध्ये हळदीकुंकवाला जाताना उजव्या हातातली बांगडी चढेना. आठवडाभरात ब्लाउजची बाही कोपराच्या वर काचायला लागली. सकाळी सूज कमी, संध्याकाळी जास्त. त्या वेळी हात उशीवर उंच ठेवला की सूज उतरायची. पुढे तीही उतरेनाशी झाली.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवस हात हलका वाटला, मग जैसे थे. हे अपेक्षितच होतं. या सुजेत प्रथिनं साठलेली असतात. गोळीने पाणी निघून जातं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. दुसऱ्यांनी ‘मूळ गाव कुठलं?’ विचारलं. सिंधुदुर्ग म्हटल्यावर हत्तीरोगाचा संशय आला आणि त्याच्या गोळ्यांचा कोर्स झाला. सिंधुदुर्गात हत्तीरोग होता ही गोष्ट खरी. पण हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रक्तात प्रामुख्याने रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान येतात आणि त्या वेळचं रक्त तपासावं लागतं. ते तपासलं गेलं तेव्हा काही सापडलं नाही. ज्या हाताच्या काखेतून 17 ग्रंथी काढल्या आहेत तो हात का सुजला, याचं उत्तर शोधायला गावापर्यंत जायची गरजच नव्हती.

घरात सासूबाईंनी गरम तेलाने रगडून मालिश सुरू केलं होतं. प्रेमाने, रोज. त्याने हात जास्तच लाल व्हायचा.

काखेत नेमकं काय असतं

रक्ताच्या सगळ्यात बारीक वाहिन्यांतून पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं पेशींच्या मधल्या जागेत सतत झिरपत असतात. आम्ही कॉलेजात शिकलो ते असं, की यातलं बरंचसं पाणी शिरेच्या टोकाला पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि उरलंसुरलं लसीकावाहिन्या, म्हणजे हा द्रव (लसीका) परत नेणाऱ्या बारीक नळ्या, उचलतात. 2010 च्या आसपास शरीरक्रियाशास्त्रातली ही मांडणी बदलली. बहुतेक ऊतींमध्ये शिरेकडचं शोषण टिकून राहत नाही, झिरपलेलं जवळपास सगळं लसीकावाहिन्यांनाच परत न्यावं लागतं. माझ्या कामाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. कारण मग या वाहिन्या सवडीने काम करणारी जादा व्यवस्था उरत नाहीत. परतीचा मुख्य मार्ग तोच.

या वाहिन्यांची सुरुवात त्वचेखाली बंद टोकाने होते. भिंत एकाच पेशीच्या जाडीची, पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या. बाहेर द्रव वाढला की कडा आत उघडतात, द्रव शिरतो, पुन्हा मिटतात. पुढच्या जाड वाहिन्यांत झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा आपणहून आकुंचन पावतो. स्नायू हलले, श्वास घेतला की आणखी जोर मिळतो. उजवा हात, डोकं-मानेची उजवी बाजू आणि छातीचा उजवा भाग यांची लसीका उजव्या नलिकेतून, बाकी सगळ्या शरीराची छातीतल्या मोठ्या नलिकेतून डावीकडे, मानेच्या मुळाशी शिरेत पडते. दिवसाला साधारण 2 ते 4 लिटर.

तिथे पोचण्याआधी वाटेत ग्रंथी. एका काखेत साधारण 20 ते 40. मुंबईत 2017 पर्यंत बाहेरून येणारा मालाचा ट्रक मुलुंडच्या नाहीतर दहिसरच्या जकात नाक्यावर थांबायचा, माल तपासला जायचा, मगच शहरात. काखेतली ग्रंथी हाताकडून येणाऱ्या लसीकेसाठी तसा नाका आहे. फरक हा की जकात नाके उठल्यावर रस्ता मोकळा झाला. ग्रंथी काढताना मात्र तिच्यात शिरणाऱ्या वाहिन्याही कापल्या जातात. तपासणीही जाते आणि रस्ताही.

ही तपासणी कशी चालते हे समजलं की काकूंचा ताप समजतो. बोटाला चीर पडली, जंतू आत गेले. काही जंतू लसीकेबरोबर वाहत थेट ग्रंथीच्या कडेला येतात. तिथे बसलेल्या भक्षक पेशी त्यांना धरतात. त्याच वेळी त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे गिळतात, आपली जागा सोडतात, एका रासायनिक खुणेच्या मागावर लसीकावाहिनीत शिरतात आणि साधारण दिवसभरात काखेत पोचतात. ग्रंथीच्या आत टी-पेशी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, रक्तातून खास वाहिन्यांतून उतरलेल्या. प्रत्येक टी-पेशी फक्त एका ठरावीक आकाराचा तुकडा ओळखते. एखादा विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पेशी लाखांत एखाद-दोनच. शरीरभर विखुरलेल्या या पेशी चिरलेल्या बोटापाशी आपण होऊन कधी जमणार? म्हणून भेट ग्रंथीत होते. टी-पेशी काही तास थांबते, ओळखीचं कुणी भेटलं नाही तर बाहेर पडून दुसऱ्या ग्रंथीत जाते. भेटलं तर तिथेच तिच्या हजारो प्रती होतात. शेजारच्या कप्प्यात बी-पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) घडवतात. मग ही फौज रक्तात उतरून त्या बोटाकडे जाते. हे चालू असताना ग्रंथी पेशींना बाहेर सोडत नाही, म्हणून फुगते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते यामुळे.

काकूंना हे सगळं त्यांच्या स्वतःच्या डाव्या काखेने दाखवून दिलं होतं. एप्रिल 2021 मध्ये 45 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविडची लस खुली झाली. काकूंनी ती डाव्या दंडात घेतली, उजवा हात ऑपरेशनचा म्हणून. तिसऱ्या दिवशी डाव्या काखेत बोराएवढी गाठ, दाबली तर दुखणारी. घरात कुणी जेवलं नाही. कर्करोग दुसऱ्या बाजूला गेला, असंच सगळ्यांनी धरलं. सोनोग्राफी झाली, ग्रंथी सुजलेली पण तिची घडण शाबूत असल्याचं दिसलं, काही आठवड्यांनी पुन्हा बघायला सांगितलं. तोवर गाठ बसली होती. दंडात टोचलेला लसीचा माल लसीकेतून डाव्या काखेत गेला, तिथे टी आणि बी पेशी कामाला लागल्या, ग्रंथी फुगली, काम झाल्यावर उतरली. लसीने हाताला नव्हे, काखेला शिकवलं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी उजव्या काखेवर हात ठेवून विचारलं, ‘‘मग मॅडम, इकडे कोण शिकतं?’’

या प्रकरणातला कळीचा प्रश्न त्यांनीच विचारला.

तीन वेळचा ताप

पहिला सप्टेंबर 2021 मध्ये. तव्याची कड मनगटाला लागली होती, चण्याएवढा फोड. पोळ्या करणाऱ्या बाईला असले चटके रोजचेच. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगात कापरं भरलं, संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत लाली. दुसरा फेब्रुवारी 2022 मध्ये, नखाजवळची सालपटी दातांनी ओढल्यावर. तिसरा जुलै 2022 मध्ये, आणि त्या वेळी चटका, चीर काहीच नव्हतं. ‘‘असाच आला’’ असं त्या म्हणत होत्या. पण बोटांच्या बेचक्यात पांढरट, ओलसर, सोललेली त्वचा होती. पावसाळ्यात दिवसभर ओल्या हातांनी कणीक मळणाऱ्या, भाज्या धुणाऱ्या बाईला झालेल्या चिखल्या. जंतूंना तेवढी वाट पुरते.

तिन्ही वेळा अँटिबायोटिक दिलं, ताप उतरला. पण प्रत्येक वेळी लाली गेल्यावर हात आधीपेक्षा थोडा जाडच राहिला. हे घरात कुणी टिपलं नाही, काकूंनी मात्र टिपलं होतं. पहिल्या तापानंतर घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे गेला, दुसऱ्यानंतर घड्याळ डाव्या हातात आलं.

डाव्या हाताला असाच चटका कित्येकदा बसला होता, कधी ताप आला नाही. सर्दी-खोकला घरातल्या इतरांइतकाच. म्हणजे काकूंची एकूण प्रतिकारशक्ती कमी झालेली नव्हती. तरी ‘इम्युनिटी वाढवायला’ म्हणून काढा, च्यवनप्राश, कसलीशी महागडी पावडर सगळं चालू होतं. कमतरता एका हातापुरती होती, आणि ती चमच्याने भरून निघणारी नव्हती. उजव्या हातात जंतू शिरले की डेंड्रायटिक पेशी निघायच्या, पण साचलेल्या द्रवात अडकायच्या. ग्रंथीपर्यंत पोचणाऱ्या थोड्या आणि उशिरा. इकडे कोमट, प्रथिनांनी भरलेला द्रव जंतूंना, विशेषतः स्ट्रेप्टोकोकसला, वाढायला अगदी सोयीचा. काही तासांत हात पेटायचा. त्या दाहात उरल्यासुरल्या लसीकावाहिन्यांवर व्रण पडायचे, निचरा आणखी कमी, सूज आणखी जास्त, पुढच्या जंतूला आणखी सोपं. शिवाय साचलेल्या द्रवात टी-पेशी नुसत्या जमून राहतात. त्या जंतू मारत नाहीत, उलट ऊतींमध्ये तंतू वाढवायला लावतात आणि वाहिन्यांचं आकुंचन मंदावतात. जुना सुजलेला हात मऊ न राहता घट्ट, चरबट होतो त्याचं हे कारण.

स्तन आणि काख मुळापासून काढण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी 1921 मध्येच अशा सुजेवर लिहिलं होतं आणि तिच्यामागे जंतुसंसर्ग असल्याचं मत मांडलं होतं. पूर्ण बरोबर नसेल, ग्रंथी आणि वाहिन्या जाणं हे मूळ आहेच. पण सूज आणि संसर्ग एकत्र बघायला हवेत हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. काकूंच्या दोन फाइली 2022 मध्येही वेगळ्या होत्या.

तपासणी

हाताला जुनी सूज असली तरी ती वाढली की आधी दोन गोष्टी नाकारायच्या असतात: काखेत कर्करोग परत आलेला नाही ना, आणि शिरेत गुठळी नाही ना. कर्करोगतज्ज्ञांनी तपासलं, काखेची सोनोग्राफी आणि हाताचा डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहताना दाखवणारी सोनोग्राफी, झाला. दोन्ही स्वच्छ.

मग टेप. मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरला दोन्ही हातांचा घेर घेतला आणि त्यावरून आकारमान काढलं. डावा हात 2260 मिलिलिटर, उजवा 3020. म्हणजे 760 मिलिलिटर जास्त, निरोगी हाताच्या साधारण एक तृतीयांश. बोटाने दाबलं तर मनगटाजवळ खळगा पडत होता, कोपराखाली आतल्या बाजूला पडतच नव्हता. तिथे ऊती घट्ट झाल्या होत्या. मधल्या बोटाच्या मुळाशी वरची त्वचा चिमटीत पकडता येत नव्हती. डाव्या हाताची सहज येत होती. ही साधी खूण कुणालाही घरी करून बघता येते. आजार दुसऱ्या टप्प्यात होता: विश्रांतीने उतरणारा राहिला नव्हता, पण त्वचा चामखिळीसारखी खडबडीत व्हायचा शेवटचा टप्पाही आला नव्हता.

आणि बोटांची टोकं. उजव्या हाताची पहिली तीन बोटं शेंड्याला कडक, चकचकीत, त्यावर जुन्या चटक्यांचे तपकिरी ठिपके. काकू तव्यावरची पोळी बोटांनी उलटत होत्या. वीस वर्षांची सवय.

उपचार, आणि कामाचा वाद

जुलैचा संसर्ग पूर्ण शमल्याची खात्री करूनच सुरुवात केली. हात लाल असताना पट्ट्या किंवा निचऱ्याचं मालिश करायचं नसतं.

पहिले तीन आठवडे सघन उपचार. रोज आधी हाताने लसीकेचा निचरा. हे मालिश सासूबाईंच्या मालिशच्या अगदी उलट असतं: तेल नाही, जोर नाही, फक्त त्वचा हलकेच ताणून सोडायची. सुरुवात सुजलेल्या हातापासून करायची नसते. आधी मान, मग डावी काख, मग उजवी जांघ, म्हणजे जिथे ग्रंथी शाबूत आहेत त्या जागा मोकळ्या करायच्या; मग छातीवरून आणि कुशीवरून त्या दिशेने द्रव वळवायचा; हात सगळ्यात शेवटी. एरवी दंडाच्या बाहेरून गळ्याच्या हाडाकडे जाणारी एक पर्यायी वाट कामी येते. काकूंच्या त्या भागाला रेडिएशन झालं होतं, म्हणून तिच्यावर फार भरवसा ठेवला नाही.

मग पट्ट्या. आत सुती बाही, प्रत्येक बोटाला अरुंद पट्टी, त्यावर मऊ पॅडिंग, वर कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, बोटांपासून काखेपर्यंत, खाली दाब जास्त आणि वर कमी. मुंबईच्या ऑगस्टमध्ये हे दिवसरात्र बांधून ठेवायचं म्हणजे सोपं नाही. घामाने पुरळ येतं, खाज सुटते आणि खाजवलं की पुन्हा जंतूंना वाट. म्हणून रोज पट्ट्या सोडून हात साध्या साबणाने धुणं, बेचकी न बेचकी कोरडी टिपणं, चिखल्यांना बुरशीचं मलम आणि बाकी त्वचेला साधं मॉइश्चरायझर हा उपचाराचा तितकाच मोठा भाग होता. हत्तीरोगाच्या रुग्णांमध्येही सुजलेला पाय रोज साबण-पाण्याने धुवून कोरडा ठेवला की तापाचे झटके कमी होतात, हे चांगलं माहीत आहे. रोग वेगळा, पण निचरा बंद पडलेल्या अवयवाची गरज तीच.

वाद झाला तो कामावरून. ऑपरेशननंतर काकूंना सांगितलं होतं: या हाताने दोन किलोच्या वर उचलायचं नाही, जड काम बंद. घरच्यांनी ते ‘काम सोड’ असं वाचलं. काकूंनी ऐकलं नाही, पण अपराधी वाटत राहिलं. ताप आला की ‘‘ऐकत नाहीस म्हणून’’ हे ठरलेलं. मी मुलाला बोलावून समोर बसवलं. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या 141 बायका; निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला दिली. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज एकदम बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. हाताला आधाराची घट्ट बाही असेल तर आत स्नायू आवळतो, बाहेरून कापड दाबून धरतं, मधल्या मधे लसीका पुढे ढकलली जाते. पोळी लाटणं ही नेमकी अशीच हालचाल आहे. लयीत, मध्यम जोराची, खांद्यापासून बोटांपर्यंत.

‘‘म्हणजे आईने लाटायचं?’’ मुलाने विचारलं.

लाटायचं. भाजायचं मात्र नाही. उजव्या हाताचा शत्रू लाटणं नव्हे, तवा होता. केंद्राच्या मालकीणबाई समजूतदार निघाल्या. भाजायला दुसरी बाई, काकू फक्त लाटायला. घरी भाजायची वेळ आली तर उलथनं. भाज्या धुताना आत सुती आणि वर रबरी हातमोजा. नखं कापायची, सालपटी ओढायची नाही. सासूबाईंना निचऱ्याची हलकी पद्धत शिकवली, कारण त्यांना हाताला हात लावायचाच होता, आणि त्या फार छान शिकल्या.

याउलट रक्तदाबाचा पट्टा उजव्या दंडाला लागला म्हणून काकू एकदा दवाखान्यात रडल्या होत्या, तो धसका काढून टाकला. पर्याय असेल तर दुसरा हात वापरावा, हे ठीक. पण 2016 मध्ये बोस्टनहून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत रक्त काढणं, रक्तदाब मोजणं, विमानप्रवास यांचा हाताच्या वाढत्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. दिसला तो काखेच्या पूर्ण शस्त्रक्रियेशी, वाढलेल्या वजनाशी आणि त्वचेच्या संसर्गाशी. बायकांची भीती पट्ट्यावर खर्च होते आणि चिखल्यांकडे लक्ष जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तीन आठवड्यांनी उजवा हात 2640 मिलिलिटर. जादा सूज 760 वरून 380 वर, बरोबर निम्मी. कोपराखालचा घट्ट भाग मऊ झाला, पण पूर्ण गेला नाही. तिथे आता द्रव कमी आणि तंतू-चरबी जास्त आहे, ती पट्ट्यांनी निघत नाही. मग मापाची शिवलेली दाबबाही. काही हजारांची वस्तू, आणि साधारण सहा महिन्यांनी ताण गेल्यावर बदलावी लागते. हा खर्च घराला जड जातो. काकूंनी दोन बाह्या घेतल्या, एक धुवायला एक घालायला. सकाळच्या गर्दीत धीम्या लोकलला वरची कडी उजव्या हाताने धरायची, म्हणजे हात उंचही राहतो, आणि पर्स डाव्या खांद्याला.

ताप आला तर

कागदावर लिहून दिलं आणि मुलाच्या फोनमध्येही ठेवलं. हात लाल, गरम किंवा अचानक जड झाला, थंडी वाजली, तर बाही काढायची, बॉलपेनने लालीच्या कडेला रेघ मारून वेळ लिहायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. रेघेमुळे लाली पुढे सरकली की थांबली हे डॉक्टरला लगेच कळतं.

मार्च 2023 मध्ये ही वेळ आली. होळीच्या पुरणपोळ्या, घरी तवा, वाफेचा चटका. दुपारी चारला थंडी वाजली, साडेचारची रेघ, सहा वाजता गोळी सुरू. लाली रेघेच्या दोन बोटं पुढे जाऊन थांबली. आधीच्या प्रत्येक वेळी कोपर ओलांडलं होतं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला आणि पंधरा दिवसांनी माप घेतलं तेव्हा हात फेब्रुवारीइतकाच होता. वर्षभरात तीनाचा एक झाला, आणि त्या एकाने जाताना सूज वाढवून ठेवली नाही.

तरी दोन वर्षांत चार झटके म्हणजे थोडे नाहीत. त्यांच्या फिजिशियननी एप्रिलपासून रोजचं, कमी मात्रेचं, तोंडाने घ्यायचं पेनिसिलिन सुरू केलं. याला आधार 2013 च्या एका ब्रिटिश चाचणीचा. पायाला वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांना वर्षभर पेनिसिलिन दिल्यावर त्या वर्षात पुन्हा झटका आलेले 22 टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 37 टक्के. पण त्याच चाचणीत, आधीच सूज असलेल्यांना आणि तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेल्यांना फायदा कमी झाला, आणि गोळी थांबवल्यावर फरक पुसला गेला. शिवाय तो पाय होता, हा हात. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या चाचणीत, तीही पायांचीच, जुनी सूज असलेल्यांना नियमित दाबाचे मोजे दिल्यावर पुन्हा झटका आलेले 15 टक्के आणि न दिलेल्यांत 40 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी आधीच थांबवली. म्हणून माझं मत मी फिजिशियनना स्पष्ट कळवलं: पेनिसिलिन चालू ठेवा, पण भिस्त बाहीवर आणि कोरड्या बेचक्यांवर. त्यांना ते पटलं.

लसीकावाहिन्या शिरेला जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया काकूंनी विचारली होती. ती मुंबईत होते. त्यांच्या हातात अजून चालत्या वाहिन्या किती उरल्यात हे आधी त्वचेखाली हिरवा रंग टोचून खास कॅमेऱ्याखाली बघावं लागेल. तूर्त त्यांनी नको म्हटलंय, आणि ऑपरेशन झालं तरी बाही बहुधा सुटणार नाही हे ऐकल्यावर तो निर्णय मला समजण्यासारखा वाटतो.

पेनिसिलिनचं वर्ष एप्रिल 2024 मध्ये संपणार होतं. ते थांबवायचं, तर पावसाळ्याच्या तोंडावर थांबवायचं नाही, चिखल्यांचे चार महिने जाऊ द्यायचे आणि ऑक्टोबरमध्ये, हात कोरडा असताना, माप घेऊन मगच बंद करायचं, असं काकू, फिजिशियन आणि मी, आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं.